एसएसआरएस २०१९ : ऊस बिलात ‘अक्षरी रुपये’च्या जागी #एरर, परवानगीचा घोळ

गाळप_हंगाम (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे, जरा घाईची.

आमचा क्लायंट म्हणजे एक सहकारी साखर कारखाना. ऊस बिलं आजवर मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्टिंग सर्व्हिसेस (एसएसआरएस, रिपोर्ट तयार करून छापणारं सॉफ्टवेअर) २००८ आर२ वरून छापली जायची. सर्व्हर म्हातारा झाला म्हणून नवीन मशीन घेतलं, त्यावर एसएसआरएस २०१९ टाकलं. रिपोर्ट सर्व्हरचा डेटाबेस रिस्टोअर केला, एन्क्रिप्शन की चढवली. सगळे रिपोर्ट दिसतात, टनेज, दर, तोडणी-वाहतूक कपात, सोसायटीची वसुली, सगळं बरोबर येतं. फक्त तळाशी ‘अक्षरी रुपये’च्या पुढे #एरर.

ही अक्षरी रक्कम आमच्याच एका सी-शार्प डीएलएलमधून (तयार कोडची फाइल) येते. एक ते शंभरचे मराठी शब्द डी ड्राइव्हवरच्या एका एक्सएमएल फाइलमध्ये आहेत. डीएलएल ती फाइल वाचते, कोटी-लाख-हजार-शेकडा जोडते आणि शेवटी ‘फक्त’ लावून देते. लिहिणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले, पण सोर्स आहे.

आतापर्यंत केलेलं: डीएलएल नव्या सर्व्हरच्या बिन फोल्डरमध्ये ठेवली. जुन्या सर्व्हरच्या आरएसएसआरव्हीपॉलिसी.कॉन्फिगमध्ये (कुठल्या कोडला किती परवानगी ते ठरवणारी फाइल) तिच्या नावाचा कोड ग्रुप, म्हणजे परवानगीची नोंद, सापडला, तो जसाच्या तसा नव्या फाइलमध्ये चिकटवला. सर्व्हिस रीस्टार्ट केली. व्हिज्युअल स्टुडिओच्या प्रिव्ह्यूत रक्कम झकास येते, सर्व्हरवर #एरर. मूळ संदेश असा: ‘रिक्वेस्ट फॉर द परमिशन ऑफ टाइप फाइलआयओपरमिशन फेल्ड’.

पंधरवड्याची बिलं शुक्रवारी निघायला हवीत. साहेब म्हणतात, फुलट्रस्ट (पूर्ण परवानगी) देऊन टाक आणि मोकळा हो. देऊ का? आणि नक्की कुठे? (मोबाइलवरून लिहितोय, कोड चिकटवता येत नाही, शब्दांतच समजून घ्या.)

रात्रपाळी

सोपं आहे. डी ड्राइव्हवरच्या त्या फोल्डरला राइट क्लिक, सिक्युरिटी, एव्हरीवन, फुल कंट्रोल. नाहीतर आयआयएसमध्ये (विंडोजचा वेब सर्व्हर) ॲप पूलचं खातं बदला.

गाळप_हंगाम

@रात्रपाळी, एव्हरीवन देऊन बघितलं, ढिम्म फरक नाही. आयआयएस तर या मशीनवर नाहीच.

निवृत्त_डीबीए

रात्रपाळी, रिपोर्टिंग सर्व्हिसेसने आयआयएसशी काडीमोड घेतला २००८ आवृत्तीत. आणि गाळप_हंगाम, तो एव्हरीवन आधी काढा. शेतकऱ्यांची बिलं छापणाऱ्या मशीनवर असलं काही ठेवू नये.

‘परवानगी नाही’ हे एसएसआरएस तीन वेगवेगळ्या कारणांनी म्हणतं आणि लोक तिन्हींची खिचडी करतात. कारखान्याच्या फाटकावर गेटपास दाखवला म्हणून गोडाऊनमधून साखरेचं पोतं उचलता येत नाही, तसं आहे हे.

पहिलं कारण, रोल. वापरणाऱ्याला रिपोर्ट उघडायचाच अधिकार नसेल तर ‘परमिशन्स ग्रँटेड टू युजर... आर इनसफिशियंट’ असा संदेश येतो. तुमचा रिपोर्ट उघडतोय, म्हणजे तो विषय नाही. दुसरं, विंडोजची फाइल-फोल्डरची परवानगी. तिथे अडलं की ‘ॲक्सेस टू द पाथ इज डिनाइड’ म्हणतं. तुमचा संदेश तोही नाही. ‘रिक्वेस्ट फॉर द परमिशन ऑफ टाइप अमुक फेल्ड’ हे शब्द फक्त एकाच ठिकाणाहून येतात, ते म्हणजे डॉटनेटची कोड ॲक्सेस सिक्युरिटी. इथे प्रश्न माणसाचा नसतो, कोडचा असतो. कोण चालवतंय ते न बघता ‘हा कोड कुठून आला, याच्यावर किती भरवसा’ एवढंच बघितलं जातं. म्हणून एव्हरीवन देऊन काही झालं नाही. तुमचा कोड विंडोजच्या दारापर्यंत पोचलाच नव्हता.

आता प्रश्न: चिकटवलेल्या कोड ग्रुपमध्ये डीएलएलची ओळख कशी दिली आहे? पाथ आहे की स्ट्राँग नेम (डीएलएलवरची डिजिटल सही)?

गाळप_हंगाम

पाथ आहे. यूआरएल मेंबरशिप कंडिशन, आणि त्यात सी ड्राइव्हपासून डीएलएलच्या नावापर्यंत पूर्ण पाथ.

थांबा. त्यात एमएसआरएस१०_५० लिहिलंय. हा जुन्या सर्व्हरचा पाथ आहे!

निवृत्त_डीबीए

हा घ्या पहिला मासा. २००८ आर२ चं फोल्डर होतं मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरच्या आत, एमएसआरएस१०_५० डॉट इन्स्टन्सचं नाव, असं. २०१७ पासून एसएसआरएस वेगळं इन्स्टॉल होतं, त्याचं स्वतःचं ‘मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेस’ नावाचं फोल्डर, त्यात एसएसआरएस, त्यात रिपोर्टसर्व्हर, त्यात बिन. पाथ जुळला नाही की तुमचा ग्रुप असून नसल्यासारखा.

मग डीएलएलला काय मिळतं? या फाइलची रचना बघा. सगळ्यात वर एक ‘फर्स्ट मॅच’ ग्रुप असतो, त्याची परवानगी ‘नथिंग’. त्याच्या पोटात ‘माय कॉम्प्युटर’ झोनचा ग्रुप, परवानगी ‘एक्झिक्युशन’. एक्झिक्युशन म्हणजे चालायची मुभा. बेरीज-वजाबाकी करा, मजकूर जोडा-तोडा, पण फाइल, डेटाबेस, नेटवर्क कशालाही हात लावायचा नाही. तुमची डीएलएल आत्ता इथे बसली आहे.

आणि फर्स्ट मॅच म्हणजे शब्दशः तसंच. वरून खाली जाताना जो ग्रुप पहिला जुळेल तो लागू, पुढचे बघितले जात नाहीत. म्हणून नवा ग्रुप कुठेही कोंबायचा नाही. ‘कोडजेन’ असलेला यूआरएलचा ग्रुप शोधा, त्याच्या लगेच खाली, त्याच पातळीवर ठेवा. आधी फाइलची कॉपी काढा. एक्सएमएलमध्ये एखादा टॅग बंद करायचा राहिला तर एक रिपोर्ट नाही, अख्खा रिपोर्ट सर्व्हर झोपतो.

बॅकअप_घेतला_का

माझं आयडी सार्थकी लागलं.

गाळप_हंगाम

पाथ दुरुस्त केला, ग्रुप कोडजेनच्या खाली आणला, परवानगी फुलट्रस्ट ठेवली, कारण जुन्या फाइलमध्ये तशीच होती. रीस्टार्ट. तरीही तोच संदेश, अक्षराचाही फरक नाही. आता मात्र डोकं गरगरायला लागलंय. डीएलएलला पूर्ण भरवसा दिला, फाइल जागेवर आहे, मग अडतंय कुणाचं?

निवृत्त_डीबीए

मला हीच शंका होती. जुन्या सर्व्हरची फाइल उघडा आणि ‘रिपोर्ट एक्सप्रेशन्स डिफॉल्ट परमिशन्स’ नावाचा ग्रुप शोधा. त्याच्यापुढे काय लिहिलंय?

गाळप_हंगाम

जुन्या फाइलमध्ये: फुलट्रस्ट.
नव्या फाइलमध्ये: एक्झिक्युशन.

हे कुणी बदललं असेल?

रात्रपाळी

नोकरी सोडून गेलेल्या गृहस्थांनी. अशा केसमध्ये नेहमी तेच असतात 😄

निवृत्त_डीबीए

कोणी का असेना. काय झालंय ते नीट सांगतो, कारण या विषयातली निम्मी डोकेदुखी याच एका मुद्द्यामुळे आहे.

रिपोर्टमध्ये तुम्ही ‘बरोबर’ चिन्ह टाकून जी एक्सप्रेशन्स लिहिता, आणि रिपोर्ट प्रॉपर्टीजमधल्या कोडच्या खिडकीत जो व्हीबी कोड लिहिता, त्या सगळ्यांची मिळून सर्व्हर एक छोटी असेंब्ली (डीएलएलसारखाच कोडचा गठ्ठा) तयार करतो. तिला एक्सप्रेशन होस्ट म्हणतात. तुमच्या डीएलएलला हाक मारणारी हीच, आणि तिला मिळते फक्त एक्झिक्युशन.

आता डीएलएल फाइल उघडायला जाते. डॉटनेट विचारतं, फाइल वाचायची परवानगी आहे का? आणि एवढ्या एका डीएलएलला विचारून थांबत नाही. तिला कोणी बोलावलं, त्याला कोणी बोलावलं, असं साखळीने मागे मागे जातं. साखळीतल्या प्रत्येकाकडे ती परवानगी हवी. तुमच्या डीएलएलकडे आहे, तिला बोलावणाऱ्या एक्सप्रेशन होस्टकडे नाही, म्हणून नकार. हे मुद्दाम तसं केलेलं आहे, नाहीतर कुठलाही फालतू कोड एखाद्या भरवशाच्या डीएलएलला पुढे करून हवं ते काम उरकून घेईल.

यातून सुटायचे दोन रस्ते. एक, एक्सप्रेशन होस्टलाच फुलट्रस्ट द्या. जुन्या सर्व्हरवर हेच केलेलं होतं. दोन, डीएलएलच्या कोडमध्ये ‘असर्ट’ वापरा, म्हणजे डीएलएलने सांगायचं की या कामाची जबाबदारी माझी, माझ्या मागे कोण आहे ते विचारू नका. चौकशी तिथेच थांबते.

तुमच्या साहेबांचा ‘देऊन टाक’ म्हणजे पहिला रस्ता. तो नको.

गाळप_हंगाम

साहेबांना कसं पटवू? त्यांचं म्हणणं, इतकी वर्षं जुन्या सर्व्हरवर तसंच चालत होतं ना, काय बिघडलं?

सोलापुरी_चादर

मी सांगते. या सर्व्हरवर रिपोर्ट चढवायचा अधिकार किती जणांकडे आहे ते मोजा. पब्लिशर किंवा कंटेंट मॅनेजर रोल असलेला प्रत्येक माणूस त्यात आला. एक्सप्रेशनला फुलट्रस्ट दिला की यातला कुणीही रिपोर्टच्या कोडच्या खिडकीत चार ओळी लिहून सर्व्हरवरची फाइल वाचू शकतो, पुसू शकतो, दुसरा प्रोग्राम सुरू करू शकतो. त्याच सर्व्हरवर डेटा सोर्सचे साठवलेले पासवर्ड आहेत, एन्क्रिप्ट केलेले असले तरी. ते उघडण्याची किल्ली रिपोर्ट सर्व्हिसच्याच हातात असते.

साहेबांना एवढंच विचारा: अकाउंट्समधल्या ज्या मुलाला आपण ‘जरा कॉलम पुढेमागे कर’ म्हणून रोल दिलाय, त्याला सर्व्हरचा ॲडमिन पासवर्ड द्याल का?

गाळप_हंगाम

नाही देणार. पण मग ‘तो मुलगा तसा नाही’ असंही म्हणतील.

सोलापुरी_चादर

आणि माझा मुख्य प्रश्न तर राहूनच गेला. एक ते शंभर शब्दांसाठी फाइल कशाला? हे शब्द दर हंगामाला बदलतात का?

गाळप_हंगाम

नाही बदलत 🙂 बहुधा इंग्रजी बिलांसाठी दुसरी फाइल लावायचा विचार असावा. इंग्रजीत वीसनंतर नियमाने जोडता येतं. मराठीत एकवीस, बावीस, तेवीस, प्रत्येक वेगळा. एकोणतीस, एकोणचाळीस करत यावं तर शेवटी नव्याण्णव. नियम बसवायला गेलं की अपवादच जास्त, म्हणून यादी ठेवलेली.

रात्रपाळी

यादी कशाला? २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आलंच होतं. तसं छापा. ‘अक्षरी रुपये साठ तीन फक्त’. दोन छोट्या यादीत काम.

निवृत्त_डीबीए

‘साठ तीन’ छापलेलं बिल घेऊन शेतकरी शेतकी ऑफिसला जाईल तेव्हा काउंटरवर तुम्ही बसा.

सोलापुरी_चादर

विषयावर येऊ या. यादी राहू दे, पण फाइलमधून उचला आणि कोडमध्येच शंभर शब्दांचा ॲरे करून टाका. मग डीएलएल फाइलला हातच लावत नाही, नुसते शब्द जोडते. त्याला एक्झिक्युशन पुरतं. असर्ट नको, कोड ग्रुप नको, फुलट्रस्ट तर अजिबात नको. बिनमध्ये डीएलएल ठेवायची आणि रिपोर्टच्या रेफरन्सेसमध्ये तिचं नाव द्यायचं, बास.

असल्या धाग्यांवर लोक ‘परवानगी कशी देऊ’ असं विचारतात आणि सगळे लगेच कॉन्फिग फाइलमध्ये शिरतात. कोड ही परवानगी मागतोच कशाला, ते कुणी बघत नाही. मी बघितलेल्या बहुतेक कस्टम डीएलएलमध्ये मागणी निव्वळ सवयीची असते. दर एका टेबलात आहे म्हणून डीएलएलमधून एसक्यूएल कनेक्शन उघडतात. अरे, रिपोर्टच्या हातात अख्खा डेटासेट आहे की! दुसरा डेटासेट घ्या आणि लुकअप फंक्शनने दर उचला. २००८ आर२ पासून लुकअप आहे. किंवा डीएलएल लॉग लिहिते, तो कुणी उघडत नाही, पण त्या लॉगपायी फाइल लिहायची परवानगी हवी.

एक लक्षात ठेवा. डीएलएलला स्ट्राँग नेम दिलं असेल तर एक वेगळाच संदेश येईल, ‘दॅट असेंब्ली डझ नॉट अलाऊ पार्शली ट्रस्टेड कॉलर्स’. तेव्हा असेंब्लीइन्फोमध्ये ‘अलाऊ पार्शली ट्रस्टेड कॉलर्स’ हे ॲट्रिब्यूट लावायचं. सही नसेल तर त्याची गरज नाही.

गाळप_हंगाम

सही नाही. हे तर फारच सोपं झालं. करून सांगतो.

दोन_सर्व्हर

धागाकर्त्याची माफी मागून मध्ये घुसतो, कारण माझंही दुखणं याच घरातलं आहे, फक्त मला परवानगी खरंच लागते. जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसवर क्यूआर छापायचा आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून मर्यादा ५ कोटींवर आली तेव्हा आम्हीही त्यात आलो. पोर्टलकडून सही केलेल्या क्यूआरचा मजकूर येतो, त्याचं चित्र रिपोर्टमध्ये काढायचं. नेटवरून एक क्यूआर लायब्ररी घेतली, आमच्या छोट्या डीएलएलमधून तिला हाक मारतो. लायब्ररीला स्ट्राँग नेम आहे, सोर्स आमच्याकडे नाही. सर्व्हरवर आधी ‘ऑपरेशन इज नॉट सपोर्टेड’, आता ‘सिक्युरिटीपरमिशन फेल्ड’.

निवृत्त_डीबीए

पहिला संदेश गेला कसा? डीएलएलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉक केलं असेल.

दोन_सर्व्हर

हो, एका सहकाऱ्याने करायला सांगितलं. का ते कळलं नाही.

निवृत्त_डीबीए

नेटवरून उतरवलेल्या झिपमधल्या फाइलला विंडोज ‘ही बाहेरून आली’ अशी चिठ्ठी चिकटवून ठेवतं. फाइल तुमच्या सी ड्राइव्हवर बसली तरी ती चिठ्ठी तशीच राहते आणि डॉटनेट तिला इंटरनेट झोनमधली समजतं. ‘माय कॉम्प्युटर’चा ग्रुप जुळत नाही, एक्झिक्युशनसुद्धा मिळत नाही, लोडच होत नाही. मेलमधून आलेल्या डीएलएलचंही तेच. अनब्लॉक करायचं ते झिप उघडायच्या आधी, म्हणजे आतल्या सगळ्या फाइल एकदम सुटतात.

दुसऱ्या संदेशाचं. क्यूआर काढणाऱ्या लायब्ररी बिटमॅपचे बिट लॉक करून त्यात लिहितात, आणि त्याला ‘अनमॅनेज्ड कोड’ची परवानगी लागते. इथे चादरताईंचा उपाय लागू पडणार नाही, ही मागणी खरी आहे. मग रीतसर करा.

तुमची छोटी डीएलएल आणि ती लायब्ररी, दोघींना वेगवेगळे कोड ग्रुप द्या. लोक आपल्या डीएलएलला देतात आणि तिच्या पोटातल्या लायब्ररीला विसरतात. ओळख पाथऐवजी स्ट्राँग नेमने द्या, म्हणजे पुढच्या अपग्रेडला धागाकर्त्यासारखं होणार नाही. तिथे पब्लिक की टोकन नको, पूर्ण पब्लिक की लागते. ‘एसएन’ टूलला ‘टीपी’चा पर्याय देऊन डीएलएलचं नाव दिलं की ती छापून येते. लांबलचक असते, एका ओळीत चिकटवा, मध्ये स्पेस नको.

मग तुमच्या डीएलएलला सही करा, तिच्यावर पार्शली ट्रस्टेड कॉलर्सचं ॲट्रिब्यूट लावा, आणि क्यूआर काढणाऱ्या मेथडच्या सुरुवातीला अनमॅनेज्ड कोडची सिक्युरिटीपरमिशन असर्ट करा. एक्सप्रेशनच्या ग्रुपला हात लावायचा नाही.

दोन_सर्व्हर

केलं. नवा संदेश: ‘कॅनॉट परफॉर्म सीएएस असर्ट्स इन सिक्युरिटी ट्रान्सपरंट मेथड्स’. हे काय नवीन?

सोलापुरी_चादर

डॉटनेट ४ वर कंपाइल केलीत ना? चारपासून नियम बदलला. पार्शली ट्रस्टेड कॉलर्स लावलेली असेंब्ली आपोआप ‘ट्रान्सपरंट’ धरली जाते, आणि ट्रान्सपरंट कोडला असर्ट करायची मुभा नाही. त्या एका मेथडवर ‘सिक्युरिटी सेफ क्रिटिकल’ ॲट्रिब्यूट लावा. दोनवर कंपाइल केलेली जुनी डीएलएल जुन्याच नियमांनी चालते, त्यामुळे नेटवरच्या जुन्या उत्तरांत हा भाग सापडत नाही. लोक तिथला कोड उचलतात, नव्या व्हिज्युअल स्टुडिओत बिल्ड करतात आणि इथे येऊन अडकतात.

ॲट्रिब्यूट फक्त त्या मेथडवर. अख्ख्या क्लासवर लावलंत तर उद्या कुणी त्यात दुसरी पब्लिक मेथड टाकेल, तीही फुकटात सुटेल.

दोन_सर्व्हर

चाललं!!! क्यूआर आला, मोबाइलवर स्कॅनही झाला. ताई, डीबीए साहेब, दोघांना दंडवत.

एक शंका. फुलट्रस्टऐवजी मोजकी परवानगी देता येते ना? नावाचा परमिशन सेट बनवून?

निवृत्त_डीबीए

येते, आणि फाइल वाचण्यासारख्या कामाला तसंच करावं. वर पॉलिसी फाइलमध्ये नेम्ड परमिशन सेट लिहायचा, त्यात फाइलआयओपरमिशन, रीड आणि पाथ डिस्कव्हरी, दोन्हींसमोर त्या एकाच फाइलचा पूर्ण पाथ. शिवाय सिक्युरिटीपरमिशनमध्ये ‘एक्झिक्युशन’ आणि ‘असर्शन’ दोन्ही फ्लॅग. असर्शन विसरलात तर डीएलएल असर्टच करू शकत नाही. मग कोड ग्रुपमध्ये फुलट्रस्टच्या जागी त्या सेटचं नाव.

तुमच्या बाबतीत मात्र त्यात राम नाही. ज्या कोडला अनमॅनेज्ड कोड चालवायची परवानगी आहे त्याला बाकी काही नाकारून उपयोग नसतो, तो हवं ते करू शकतो. तिथे फुलट्रस्ट द्या, पण त्या दोन डीएलएलपुरताच.

आणि एका मेथडमध्ये दोन वेगळ्या परवानग्या लागल्या तर लागोपाठ दोन असर्ट लिहू नका, दुसऱ्याला एक्सेप्शन येतं. दोन्ही एका परमिशन सेटमध्ये घालून त्या सेटवर एकदाच असर्ट करा.

पाटपाणी

नवखी आहे, हसू नका. #एररच्या मागचा खरा संदेश बघायचा कुठे? मला रिपोर्टमध्ये नुसता #एररच दिसतो.

सोलापुरी_चादर

हसण्यासारखं काही नाही, यात जुनेही अडकतात. लॉगफाइल्स फोल्डर आहेच, पण माझी पद्धत वेगळी. टेस्ट सर्व्हरवर डीएलएलमध्ये बाहेरून एक साधी मेथड ठेवायची. ती खऱ्या मेथडला ट्राय-कॅचमध्ये बोलावते आणि चूक आली तर एक्सेप्शनचा पूर्ण मजकूरच परत देते. टेक्स्टबॉक्स मोठा करा, रिपोर्टमध्येच सगळं वाचता येतं. ट्राय-कॅच खऱ्या मेथडच्या आत ठेवू नका. काही परवानग्या मेथड कंपाइल होतानाच तपासल्या जातात, तेव्हा आतला कॅच सुरूही झालेला नसतो.

काम झालं की ती मेथड काढून टाका. सर्व्हरचे पाथ असलेला मजकूर बिलावर छापला गेला तर शोभा होईल.

कोडची परवानगी मिळाली आणि तरी ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं, तर मग विंडोजकडे वळायचं. प्रोसेस मॉनिटर लावा, त्या फाइलच्या नावाने फिल्टर करा, ‘ॲक्सेस डिनाइड’ची ओळ सापडेल. कुठल्या खात्याच्या नावाने फाइल उघडायचा प्रयत्न झाला तेही तिथेच दिसतं. त्या खात्याला त्या फाइलचा रीड द्या. २०१९ ला सर्व्हिसचं डिफॉल्ट खातं ‘एनटी सर्व्हिस’मधलं ‘एसक्यूएलसर्व्हररिपोर्टिंगसर्व्हिसेस’ असतं, जुन्या आवृत्त्यांत नाव वेगळं होतं. तेव्हा जुन्या सर्व्हरच्या परवानग्या बघून इकडे अंदाज बांधू नका.

पाटपाणी

धन्यवाद ताई. आणि प्रिव्ह्यूत चालतं, सर्व्हरवर नाही, हे का?

निवृत्त_डीबीए

डिझायनरची पॉलिसी फाइल वेगळी असते, आरएसप्रिव्ह्यूपॉलिसी.कॉन्फिग. तुमच्या लॅपटॉपवरचं दृश्य सर्व्हरबद्दल काही सांगत नाही. परवानगीचं टेस्टिंग फक्त सर्व्हरवर, आणि ॲडमिन नसलेल्या लॉगिनने करायचं.

गाळप_हंगाम

अपडेट. ॲरे केला, फाइल वाचणारा भाग उडवला, कोड ग्रुप काढून टाकला, नव्या सर्व्हरची पॉलिसी फाइल आता जशी इन्स्टॉल झाली तशीच आहे. सर्व्हिस रीस्टार्ट. अक्षरी रक्कम आली! एव्हरीवनही काढलं. साहेबांना दाखवलं, म्हणाले, ‘मग एवढे दिवस काय करत होतास?’

जाता जाता अकाउंट्सने ‘अठ्ठेचाळीस’ची वेलांटी दुरुस्त करून मागितली. आधी एक्सएमएलमध्ये बदललं असतं, आता डीएलएल बिल्ड करावी लागली. चादरताई, हा तोटा मान्य करा.

सोलापुरी_चादर

मान्य. वेलांटी किती वेळा बदलणार आहे ते सांगा, मग तोलून बघू.

दोन_सर्व्हर

परत मीच. क्यूआर कधी येतो, कधी #एरर. तोच रिपोर्ट, तोच इन्व्हॉइस, रिफ्रेश केला की कधी आहे, कधी गायब.

बॅकअप_घेतला_का

दादा, तुमचं आयडी वाचा.

दोन_सर्व्हर

😐

निवृत्त_डीबीए

स्केल-आउट (एकच रिपोर्ट सर्व्हर अनेक मशीनवर, म्हणजे नोडवर) असेल तर डेटाबेस एक असतो, पण बिन फोल्डर आणि पॉलिसी फाइल प्रत्येक नोडवर आपापली. लोड बॅलन्सर ज्या नोडवर पाठवेल तसा निकाल. दुसऱ्या सर्व्हरवर दोन्ही डीएलएल अनब्लॉक करून ठेवा, कोड ग्रुप तसाच घाला, रीस्टार्ट करा. फाइल अख्खी कॉपी करू नका, दोन्हीकडे आवृत्ती एकच आहे का ते आधी बघा.

रात्रपाळी

एक बाळबोध प्रश्न. हे सगळं शिकून उपयोग किती दिवस? एसएसआरएस बंद होतंय म्हणे.

सोलापुरी_चादर

२०२२ ही शेवटची आवृत्ती. एसक्यूएल सर्व्हर २०२५ सोबत एसएसआरएस नाही, त्याची जागा पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हर घेतो. पण २०२२ ला सिक्युरिटी अपडेट जानेवारी २०३३ पर्यंत मिळणार आहेत, आणि कारखान्याचा सर्व्हर कधी बदलतो ते धागाकर्त्याला विचारा. रिपोर्ट सर्व्हरवर गेलात तर बिन फोल्डर, पॉलिसी फाइल हा सगळा संसार तसाच आहे, पाथ तेवढा बदलतो. क्लाउडवरच्या पॉवर बीआयमध्ये मात्र कस्टम डीएलएल चालत नाहीत. तिकडे जायचं असेल तर @दोन_सर्व्हर, क्यूआरचं चित्र ईआरपीमध्येच (कंपनीच्या व्यवहारांचं मुख्य सॉफ्टवेअर) तयार करून टेबलात ठेवा, रिपोर्टने फक्त इमेज म्हणून दाखवायचं. खरं तर आजही तेच करता आलं असतं.

दोन_सर्व्हर

हे आधी सांगायचं ना ताई!

सोलापुरी_चादर

ईआरपी तुमच्या हातात आहे का ते माहीत नव्हतं. आहे?

दोन_सर्व्हर

नाही. व्हेंडरकडे आहे, आणि तो एका कॉलमचे पैसे मागतो. दुसऱ्या नोडवर डीएलएल टाकली, आता दोन्हीकडून क्यूआर येतोय.